गणिताचा एच-इंडेक्स ४, रसायनशास्त्राचा १९: एकच यादी कशी लावायची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चुकलं असेल तर लगेच सांगता येईल. तुम्ही एका अनुदानित महाविद्यालयात गणित शिकवता, काम ग्राफ थिअरीत (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या आलेखांचं गणित). पीएच.डी. होऊन नऊ वर्षं झाली. स्कोपस या पेपरांच्या डेटाबेसवर ११ पेपर, ७३ सायटेशन (म्हणजे इतरांच्या पेपरांत तुमच्या कामाचे आलेले संदर्भ), एच-इंडेक्स ४, म्हणजे ४ पेपरांना प्रत्येकी किमान ४ सायटेशन आहेत, पण ५ पेपरांना प्रत्येकी ५ नाहीत. महाविद्यालयाने सीड मनी (संशोधन सुरू करायला दिलेले पैसे) आणि संशोधन पुरस्कारासाठी सगळ्या विज्ञान विभागांची मिळून एकच यादी केली आणि ती एच-इंडेक्सच्या उतरत्या क्रमाने लावली. ३१ जणांत तुम्ही २७व्या. पहिले आले ते रसायनशास्त्राचे सहकारी, सेवेत तुमच्यापेक्षा चार वर्षांनी कनिष्ठ, एच-इंडेक्स १९. मग प्राचार्यांनी बोलावून "मॅडम, जरा इंडेक्सचं बघा" म्हणून सांगितलं. आता तुम्ही विचारताय की इंडेक्स लवकर कसा वाढवायचा, आणि त्यासाठी विषय सोडून मशीन लर्निंगकडे वळावं का. जाता जाता असंही लिहिलंय की लग्नाआधीचे तीन पेपर माहेरच्या आडनावाने आहेत.

त्या शेवटच्या वाक्याकडे थोड्या वेळाने येते. खरं तर सगळ्यात आधी हात तिथेच घालायला हवा.

मी २४ वर्षं एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आहे. पुस्तकांची देवघेव आता नावापुरती उरली. निम्मा दिवस पदोन्नती, पुरस्कार, वार्षिक अहवाल आणि नॅकच्या मूल्यांकनासाठी लोकांच्या सायटेशनचे तक्ते काढण्यात जातो. त्यामुळे हे उत्तर गणितज्ञाचं नाही, आकडे काढून देणाऱ्या बाईचं आहे. त्या नजरेने पाहिलं तर तुमचा ४ मला कमी वाटतही नाही आणि पुरेसाही वाटत नाही, कारण नुसत्या ४ वरून यातलं काहीच कळत नाही. कमी कोणाच्या मानाने, हे ठरलेलं नाही. यादी करणाऱ्याने ते रसायनशास्त्राच्या मानाने ठरवून टाकलं आणि तुम्हीही ते निमूट मान्य केलंत, ही खरी गडबड आहे.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. साधारण २००९-१० साली आमच्याकडे पहिल्यांदा 'सगळ्यांचा एच-इंडेक्स काढा' असं फर्मान आलं. मी उत्साहाने एक्सेल शीट केली, सॉर्टचं बटण दाबलं आणि प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक ज्येष्ठ गणितज्ञ माझ्या टेबलाशी आले. मला वाटलं, आता भांडण. त्यांनी दोन पेपर समोर ठेवले, एक त्यांचा आणि एक वरच्या मजल्यावरच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचा. म्हणाले, "शेवटचे संदर्भ मोजा." मी बोट ठेवून मोजले. त्यांच्या पेपरात १७, दुसऱ्यात ६४. "आता हे १७ कोणाला मिळाले आणि ते ६४ कोणाला मिळाले, सांगा." एवढं बोलून ते चहाला गेले. दुपारी मी यादी उतरवली.

सगळी गोम त्या मोजणीत आहे. तुम्हाला मिळालेलं प्रत्येक सायटेशन कोणीतरी आपल्या संदर्भसूचीत दिलेलं असतं, आणि देणारे बहुतेक तुमच्याच विषयातले असतात. लग्नातल्या आहेरासारखं समजा. ज्या भावकीत पाकिटात शंभर घालायची रीत आहे तिथली आहेराची वही आणि जिथे हजाराची रीत आहे तिथली वही शेजारी ठेवून बेरजा केल्या, तर त्यावरून कोणत्या नवरीवर लोकांचं जास्त प्रेम होतं हे कळेल का? माझ्याकडे तपासायला येणाऱ्या गणिताच्या पेपरांत वीस-पंचवीस संदर्भ असतात, रसायनशास्त्राच्या पेपरांत पन्नासच्या आसपास, आणि आढावा घेणारा लेख असेल तर दोनशेही. नुसत्या या रिवाजामुळे सरासरी दुप्पट होते. यात कोणाचीही हुशारी नाही की आळस नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. गणिताचा पेपर रेफरीकडे, म्हणजे छापण्याआधी तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, वर्षभर पडून राहिला तरी कोणाला नवल वाटत नाही, आणि छापून आल्यावर त्याला संदर्भ म्हणून १९७०-८० सालचे पेपर सर्रास असतात. म्हणजे तुमचं २०२१ सालचं काम कोणी वापरून, लिहून, छापून तुम्हाला सायटेशन देईपर्यंत पाच-सहा वर्षं सहज जातात. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर मात्र मागच्या दोनच वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा किती सायटेशन आली एवढंच पाहतो. अँड्रू वाइल्स यांची फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता १९९५ साली 'अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये आली. गणितात त्याच्या वरचं जर्नल दाखवणं अवघड, पण त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर एकआकडी असतो. कर्करोगावरच्या 'सीए' या जर्नलचा अलीकडे काही शेकड्यांत गेला, कारण त्यात दरवर्षी कर्करोगाची आकडेवारी येते आणि कर्करोगावर लिहिणारा जो तो पहिल्याच परिच्छेदात ती उद्धृत करतो. दोन्ही जर्नलं आपापल्या जागी उत्तमच आहेत. पण या दोन आकड्यांची तुलना करणं म्हणजे किलो आणि मीटर यांत मोठं काय ते विचारणं.

तिसरी गोष्ट नावांची. प्रयोगशाळेत पदार्थ एक जण बनवतो, एक्सआरडी (क्ष-किरणांची चाचणी) दुसरा काढतो, मोजमापं तिसरा घेतो, आणि सर सगळ्यांच्या पेपरात असतात. हे गैर नाही, तिथलं काम असंच चालतं. एच-इंडेक्स मात्र सहा लेखक असले तरी सहाही जणांना पूर्ण श्रेय देतो. याचं टोक पाहायचं तर २०१५ साली अॅटलास आणि सीएमएस या सर्न प्रयोगशाळेतल्या दोन गटांनी मिळून हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर लिहिलेला पेपर घ्या. लेखक ५,१५४. एकूण पानं ३३ आणि त्यातली २४ नुसती नावं आणि संस्थांची. त्या प्रत्येकाच्या खात्यात तो पेपर एक पूर्ण पेपर म्हणून जमा आहे. तुमच्याकडे दोन, फार तर तीन लेखक, तेही आडनावाच्या इंग्रजी अद्याक्षरानुसार. ज्यांचं आडनाव आगाशे ते जन्मभर पहिले लेखक, ज्यांचं वाघ ते जन्मभर शेवटचे.

आणि सायटेशन म्हणजे मोठेपणाची पावती, हेही तितकंसं खरं नाही. जगात सर्वाधिक उद्धृत झालेल्या पेपरांत ऑलिव्हर लॉरी यांचा १९५१ सालचा पेपर कित्येक दशकं पहिला होता. तीन लाखांच्या वर सायटेशन. विषय काय, तर द्रावणात प्रथिन किती आहे ते मोजायची पद्धत. ज्याने ज्याने प्रथिन मोजलं त्याने तो संदर्भ दिला. लॉरींनी स्वतःच लिहून ठेवलंय की हा काही थोर पेपर नाही हे मला माहीत आहे, पण त्याला मिळालेला प्रतिसाद पाहून मनातून गंमत वाटते. आता दुसरं टोक घ्या. देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा ६१७४ हा अंक आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून शिकवला जातो. पण त्यांचं नाव देशाबाहेर सर्वदूर गेलं ते मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिल्यावर. तुमच्या महाविद्यालयाच्या यादीत कापरेकर मास्तर ३१वे आले असते.

आता एच-इंडेक्स नेमका काय मोजतो ते तुमच्याच आकड्यांवर पाहू. तुम्ही दिलेली सायटेशन उतरत्या क्रमाने लावली की असं दिसतं: ३८, १२, ७, ५, ४, ३, २, १, १, ०, ०. आता वरून मोजत जायचं. पहिल्या पेपराला किमान १ आहे का? आहे. दुसऱ्याला किमान २? १२ आहेत. तिसऱ्याला ७, चौथ्याला ५, दोन्ही चालले. पाचव्याला ५ हवीत आणि आहेत ४. थांबा. एच-इंडेक्स ४. आता गंमत बघा, तुमच्या पहिल्या पेपराला उद्या ३८च्या जागी ३८० सायटेशन आली तरी एच-इंडेक्स ४च राहतो. आणि पाचव्या पेपराला फक्त एक सायटेशन मिळालं, कोणाही कडून, की तो ५ होतो. एवढ्या लहान आकड्यावर माणसांना २७वं आणि २२वं ठरवायचं म्हणजे तराजूच्या काट्यावर माशी बसली म्हणून भाव बदलण्यासारखं आहे.

हा निर्देशांक सुचवणारे होर्हे हर्श हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतले भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्या २००५च्या मूळ पेपरातच दोन आकडे आहेत: भौतिकशास्त्रात त्यांना सापडलेला सर्वांत वरचा एच-इंडेक्स एडवर्ड विटेन यांचा, ११०, आणि जीवशास्त्रात सॉलोमन स्नायडर यांचा, १९१. यावरून स्नायडर विटेनच्या पावणेदोन पट मोठे शास्त्रज्ञ असं हर्श म्हणत नाहीत. जीवशास्त्रात आकडे मुळातच वरचे असतात, असं सांगतात. आपल्याकडे 'प्रोफेसर व्हायला १८ लागतो' असं जे हवेत फिरतं तेही त्याच पेपरातलं. तिथे ते अमेरिकेतल्या मोठ्या संशोधन विद्यापीठांतल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांपुरतं, साधारण अंदाज म्हणून लिहिलेलं आहे. वाक्यातलं 'भौतिकशास्त्र' गळलं आणि १८ तेवढा उरला. २०२० साली तर हर्श यांनीच लिहिलं की या निर्देशांकाचे वाईट परिणाम होऊ शकतात, तेही गंभीर.

आता तुमचे ते तीन पेपर. स्कोपस लेखकांचे प्रोफाइल आपोआप बनवतं. आडनाव बदललं, महाविद्यालय बदललं, की ते तुम्हाला दोन माणसं समजतं. आमच्याकडे बायकांच्या बाबतीत हे इतकं नेहमीचं आहे की तक्ता काढायच्या आधी मी "माहेरचं नाव काय?" हे पहिलं विचारते. लोक आधी चमकतात. उलटाही घोळ असतो. 'एस. एस. पाटील' शोधून बघा, कोल्हापूर ते जळगाव किती जण एकाच प्रोफाइलमध्ये कोंबलेले सापडतील, आणि त्यातल्या एखाद्याचा एच-इंडेक्स दुसऱ्याच्या पुण्याईवर उभा असेल. तुमच्या जुन्या प्रोफाइलवर तुम्ही लिहिल्याप्रमाणे ९, ६ आणि २ अशी सायटेशन आहेत. ती मिसळून यादी पुन्हा लावा: ३८, १२, ९, ७, ६, ५, ४, ३, २, २, १, १, ०, ०. पाचवा पेपर आता ६चा झाला. सहाव्याला ६ हवीत, आहेत ५. म्हणजे एच-इंडेक्स ५, एकूण सायटेशन ९०, पेपर १४. नवी ओळसुद्धा न लिहिता. प्रोफाइल एकत्र करायला स्कोपसवर विनंतीची सोय आहे, फुकट आहे, आणि ते काम स्वतःच करायचं असतं. ऑर्किड (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) काढलं नसेल तर त्याच बैठकीत काढा आणि दोन्ही आडनावं त्यात नोंदवा.

दरम्यान, यादी स्कोपसवरून केली की गूगल स्कॉलरवरून, हेही विचारून घ्या. 'एच-इंडेक्स भरा' असा फॉर्म आला की कोणी स्कॉलरचा आकडा भरतो, कोणी स्कोपसचा. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट, परिषदेची पुस्तिका, काहीही धरतो, त्यामुळे तिथला आकडा जवळजवळ नेहमी मोठा असतो. तुमचा स्कोपसचा ४ आणि सहकाऱ्याचा स्कॉलरचा १९ असेल तर तुलना आणखीच बिघडली. (आणि हो, खाली प्रतिक्रियांत एकांनी विचारलंय की मराठी विभागाचं काय. 'नवभारत' किंवा 'भाषा आणि जीवन' या मराठी नियतकालिकांतला लेख स्कोपसला दिसतच नाही. तिथे एच-इंडेक्स शून्य येतो तो वही चुकीची उघडल्यामुळे. त्यावर स्वतंत्र लिहायला हवं.)

मग तुलना करायची कोणाशी? मी करते ती पद्धत सांगते, फार शास्त्रीय नाही पण समितीला पटते. मी 'शेजारी' काढते. तुमच्या विषयासाठी झेडबीमॅथ ओपन हा गणिताचा डेटाबेस २०२१पासून सगळ्यांना मोफत खुला आहे. गणिताच्या प्रत्येक पेपराला विषय-वर्गीकरणाचा क्रमांक असतो, ग्राफ थिअरीचा ०५ सी. तुमच्या पेपरांवर जो उप-क्रमांक वारंवार येतो तो धरा आणि त्यात भारतातल्या महाविद्यालयांत किंवा राज्य विद्यापीठांत काम करणारे, तुमच्याच आगेमागे दोन वर्षांत पीएच.डी. झालेले दहा-पंधरा जण काढा. आयआयटी आणि टीआयएफआर वेगळे ठेवा, कारण त्यांना आठवड्याला सोळा लेक्चरं नसतात. प्रत्येकाचे पेपर आणि सायटेशन एकाच डेटाबेसमधून, एकाच दिवशी घ्या. मग सरासरी काढू नका, मधला माणूस बघा. पंधरा जणांत तुम्ही पाचव्या असाल तर ते वाक्य तुमच्या ४ पेक्षा कितीतरी जास्त सांगून जातं. बाराव्या असाल तर तेही कळू द्या. मग काम वाढवायला हवं हा निष्कर्ष तरी योग्य कारणाने निघेल. मी असे तक्ते काढले तेव्हा काही जणांचा हिरमोडही झाला आहे, हे आधीच सांगून ठेवते.

एक तयार आकडाही मिळतो. स्कोपसमध्ये पेपराच्या पानावर क्षेत्र-भारित सायटेशन प्रभाव, म्हणजे लोक ज्याला एफडब्ल्यूसीआय म्हणतात तो, दिसतो. त्याच वर्षी, त्याच क्षेत्रात, त्याच प्रकारच्या लेखांना जगात सरासरी जेवढी सायटेशन मिळाली त्या मानाने तुमच्या लेखाला किती, हा त्याचा हिशेब. १ म्हणजे सरासरीइतकी. समजा तुमच्या ५ सायटेशनच्या पेपराचा १.३ आला आणि रसायनशास्त्राच्या १४ सायटेशनच्या पेपराचा ०.८, तर वर कोण ते उघड आहे. पण यात दोन खड्डे आहेत. एक, ११-१४ पेपरांवर त्याची सरासरी काढली तर तो ३८चा एकटा पेपर सगळ्यांना वर ओढतो, म्हणून सरासरी न देता पेपरागणिक आकडे द्या. दोन, क्षेत्र कोणतं हे लेखावरून ठरत नाही, जर्नलवरून ठरतं. ग्राफ थिअरीचा लेख कंप्युटर सायन्सच्या जर्नलमध्ये गेला की त्याची तुलना त्या गर्दीशी होते.

'जगातले पहिले दोन टक्के शास्त्रज्ञ' असे फ्लेक्स तुम्ही गेटबाहेर पाहिले असतील. ती यादी स्टॅनफर्डचे जॉन इओनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून करतात. तिच्यावर टीका करण्यासारखं पुष्कळ आहे, पण एक गोष्ट त्यांनी नीट केली: १७४ उपक्षेत्रं पाडली आणि माणसाला त्याच्या उपक्षेत्रात तोललं. गंमत म्हणजे त्यांच्या सहा निकषांत एकटा, पहिला किंवा शेवटचा लेखक म्हणून मिळालेली सायटेशनही येतात. म्हणजे गणितातले आगाशे आणि वाघ दोघंही खुशीत, मधल्या देशपांडेंनी काय करायचं?

यापुढचं परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून सरसकट सांगत नाही. सीड मनी आणि पुरस्कार हा महाविद्यालयाचा घरचा मामला आहे, तिथे नियम बदलता येतो. कॅस, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नतीची यूजीसीची योजना, तिच्याखालची पदोन्नती वेगळी. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीतल्या गुणतक्त्यात एच-इंडेक्सला जागाच नाही. तिथे विज्ञान शाखेत पेपरामागे ८ गुण आहेत आणि त्यावर इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे वाढ: १ पेक्षा कमी असेल तर १०, १ ते २ ला १५, २ ते ५ ला २०, ५ ते १० ला २५ आणि दहाच्या वर ३०. हिशेब करून बघा, वाइल्स यांची सिद्धता घेऊन कोणी आलं तरी ३०चा रकाना त्यांना उघडत नाही. शिवाय तीन किंवा अधिक लेखक असतील तर पहिल्या, प्रमुख किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि इतरांना प्रत्येकी ३०. अद्याक्षरी क्रमाच्या विषयात हा नियम आडनावावर कर बसवतो. त्यातून वाट एकच, तिघांचा पेपर असेल तर पत्रव्यवहार करणारा लेखक कोण हे पाठवायच्या आधीच आळीपाळीने ठरवून घ्या. दोनच लेखक असतील तर दोघांनाही ७०, तिथे काळजी नको. विद्यापीठाचं चालू परिपत्रक मात्र बघून घ्या, हे तक्ते बदलत असतात.

आता मशीन लर्निंग. तिकडे सायटेशनचा पूर आहे यात शंका नाही. संगणकाने चित्रं ओळखण्यावरचा, 'रेझनेट' म्हणून ओळखला जाणारा पेपर २०१६च्या एका परिषदेत आला आणि आज गूगल स्कॉलरवर त्याची सायटेशन दोन लाखांच्या वर आहेत. पण पूर सगळ्यांच्याच अंगणात आहे. तिथले लोक परिषदांना पेपर देतात, जर्नलची वाट पाहत नाहीत, आणि तिथे तुमचे शेजारी बदलतील: तुमची तुलना मग ग्राफिक्स कार्डांनी भरलेल्या प्रयोगशाळांशी होईल. नवा विषय शिकण्यात तीन-चार वर्षं जातील आणि त्या काळात ग्राफ थिअरीतला ओघही थांबेल. तुमच्या हातात आलेखांवरचा असा एखादा प्रश्न असेल जो तिकडच्या लोकांना खरोखर लागतो, उदाहरणार्थ वर्णपटीय विभाजनाचा (स्पेक्ट्रल पार्टिशनिंग, म्हणजे आलेखाचे गट पाडण्याची एक पद्धत), तर त्या भागातल्या एखाद्याबरोबर एक पेपर करून बघा. केवळ २७व्या क्रमांकावरून उठायला म्हणून मी जाणार नाही.

आणि ज्या वाटेचं तुम्ही विचारलं नाही, पण कोणीतरी सुचवेलच, तिच्याबद्दल. व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामवर 'स्कोपस पेपर, दुसऱ्या-तिसऱ्या लेखकाची जागा शिल्लक' अशा जाहिराती फिरतात, दरपत्रकासकट. काही गटांत 'तुम्ही माझे तीन उद्धृत करा, मी तुमचे तीन' असा उघड सौदा असतो. गणितासारख्या विषयात हा सौदा फार चटकन दिसून येतो, कारण सरासरीच इतकी खाली आहे की पाच-दहा जणांनी ठरवलं तरी माणूस जगाच्या यादीत वर येतो. नेमकं हेच झालं म्हणून क्लॅरिव्हेट कंपनीने २०२३ साली आपल्या सर्वाधिक-उद्धृत संशोधकांच्या यादीतून गणित हा विषयच काढून टाकला. प्रामाणिक गणितज्ञांसकट सगळे गेले. आपल्याकडे यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीची तपासणी पुण्यात, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या लोकांनी केली होती. विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलांतली ८८ टक्क्यांहून अधिक सुमार दर्जाची असावीत, असं त्यांनी २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये मांडलं. त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ जर्नलं यादीतून काढली. त्या जर्नलांत छापलेले पेपर मात्र लोकांच्या बायोडेटावर तसेच आहेत, आणि मुलाखतीत त्यांच्याबद्दल विचारलं की समोरच्याचा चेहरा काय होतो ते मी पाहिलंय.

थोडक्यात आत्तापर्यंतचं: आधी प्रोफाइल एक करा, मग यादी कोणत्या डेटाबेसवरून केली ते विचारा, मग शेजारी काढा. इंडेक्स वाढवायचा विषय त्यानंतर.

प्राचार्यांकडे जाताना सॅन फ्रान्सिस्कोचा किंवा लायडनचा जाहीरनामा (नुसत्या आकड्यांवरून संशोधन तोलू नका असं सांगणारे) घेऊन जाऊ नका. दोन्ही चांगले आहेत, दोन्हींमध्ये तुमच्या बाजूचं लिहिलंय, पण कोणाला वाचायला वेळ नसतो आणि तक्रारीचा सूर लागतो. एक पान न्या. वर एका ओळीत १४ पेपर, ९० सायटेशन, कोणत्या डेटाबेसवरून आणि कोणत्या तारखेला. खाली पंधरा शेजाऱ्यांचा तक्ता, नावं झाकून, तुमची ओळ ठळक. त्याखाली तीन पेपर, आणि प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं: प्रश्न काय होता आणि तुमचं काम पुढे कोणी कशासाठी वापरलं. ३८ सायटेशनचा पेपर उघडून त्याला उद्धृत करणारे पेपर खरंच वाचा. त्यातले तीस 'अधिक माहितीसाठी पाहा' असे असतील, पण चार-पाच जणांनी तुमचं प्रमेय उचलून त्यावर पुढचं बांधलं असेल. ते चार-पाच लिहा. मी समितीत बसत नाही, पण समितीच्या बाहेर चहा देताना कोणत्या पानावर चर्चा अडली ते ऐकू येतं, आणि ती बहुतेक वेळा अशाच दोन वाक्यांवर अडलेली असते. पानाच्या तळाशी सूचना म्हणून एवढंच लिहा की पुढच्या वर्षी यादी विभागवार लावावी, किंवा पेपराचा क्षेत्र-भारित आकडा सोबत धरावा. रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांबद्दल एक शब्दही नको. त्यांचा १९ त्यांच्या शेजाऱ्यांत कुठे बसतो हे आपल्याला माहीत नाही. कदाचित उत्तम असेल.

शेजाऱ्यांचा तक्ता झाला की इथेच टाका, नावं न घालता, नुसती पीएच.डी.ची वर्षं आणि आकडे. शनिवारी दुपारी आमचं ग्रंथालय रिकामं असतं, तेव्हा एकदा नजरेखालून घालते. आणि स्कोपसला विनंती पाठवताना तिन्ही जुन्या पेपरांची पहिली पानं हाताशी ठेवा. लेखकाच्या नावाचं स्पेलिंग तिथे कसं छापलंय ते अक्षर न् अक्षर बघा. मागच्या महिन्यात एका बाईंचे दोन पेपर 'कुलकर्णी'मधल्या एका जास्तीच्या 'ए'मुळे सापडत नव्हते.